फिल्म तापवण्याआधी तिचं पूर्वायुष्य विचारा

जुलैचा दुसरा आठवडा होता. बाहेर फोंड्याचा पाऊस, आत प्रयोगशाळेत माझी एमएस्सीची विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकातला फोटो मोबाइलवर घेऊन उभी. पॉलिस्टायरीनच्या पातळ फिल्मवर गोल गोल भोकं, प्रत्येकाला नीट कड. "मॅडम, डीवेटिंग झालं!" डीवेटिंग म्हणजे तापवलेली फिल्म फाटून पृष्ठभागावरून मागे सरकणं. ती खूश, मी तिच्याहून खूश. तीन आठवडे आम्ही त्या भोकांचे व्यास मोजले, आलेख काढले, उतार शोधले. मग ऑगस्टमधल्या एका दुपारी मी सहज एक न तापवलेला तुकडा भिंगाखाली ठेवला. त्यावरही तीच भोकं. फिल्म उष्णतेने फाटलीच नव्हती. ती भोकं आमच्या पावसाळी हवेने पाडलेली होती.

तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत नियम आहे. कुठलीही फिल्म तापवायची किंवा ताणायची असेल तर ती कशी जन्मली, कुठे राहिली, किती दिवसांची आहे, हे वहीत लिहिल्याशिवाय हॉटप्लेटचं बटण दाबायचं नाही. पातळ फिल्म म्हणजे फक्त पदार्थ नसतो, त्यात तिची सगळी हकीकत साठलेली असते. उष्णता मिळाली की ती हकीकत बाहेर येते. हा लेख ती नीट ऐकायची कशी, याबद्दल. गोव्यातल्या साध्या कॉलेजात जमेल एवढ्याच साधनांत.

आधी चित्र डोक्यात बसवा

शिरवळ्यो, म्हणजे तांदळाच्या शेवया, आठवा. साच्यातून नुकत्याच पडलेल्या, गरम, ओल्या. एक उचलायला गेलात तर दहा उचलल्या जातात. पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या, साखळ्या अशाच एकमेकींत गुंतलेल्या असतात. फरक इतकाच की साखळ्या स्वस्थ बसत नाहीत. पुरेशी ऊब आणि पुरेसा वेळ मिळाला की प्रत्येक साखळी शेजारणींच्या गर्दीतून सापासारखी सरपटत वाट काढते आणि शेवटी एका सैल, अस्ताव्यस्त गुंडाळीत स्थिरावते. हा तिचा समतोल. सरपटण्याची ही कल्पना पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडली. त्यांना १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता स्पिन कोटिंगमध्ये काय होतं ते पाहा. टोल्युइनमध्ये विरघळवलेल्या पॉलिस्टायरीनचा थेंब गरगर फिरणाऱ्या सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, म्हणजे वेफरवर, पडतो. काही सेकंदांत द्रावण पसरतं, उडतं, टोल्युइन हवेत जातं. पॉलिस्टायरीनचा टीजी, म्हणजे ज्या तापमानाखाली ते काचेसारखं गोठतं तो बिंदू, सुमारे १०० अंश सेल्सिअस. टोल्युइन मिसळलेलं असेपर्यंत हा बिंदू खूप खाली असतो. टोल्युइन उडत जाईल तसा वर चढतो आणि एका क्षणी खोलीच्या तापमानाला गाठतो. त्या क्षणी फिल्म गोठते. मात्र थोडं टोल्युइन अजून आत असतं. तेही नंतर निघून जातं आणि आकारमान घटायला हवं असतं. जाडी घटू शकते. लांबी-रुंदी घटू शकत नाही, कारण खाली वेफरला पाय चिकटलेले. राहिला तो ताण.

म्हणजे ताज्या फिल्मच्या डोक्यावर दोन कर्जं असतात. एक, पृष्ठभागाला समांतर साठलेला ताण. दुसरं, अपुरा गुंता, कारण साखळ्यांना एकमेकींत मिसळायला वेळच मिळाला नाही. गुंटर राइटर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की अशा फिल्मा टीजीच्या वर नेल्यावर फाटतात त्यामागे हा साठलेला ताण मोठा भागीदार असतो आणि डीवेटिंगची सुरुवातीची मिनिटं तर त्याच्याच हातात असतात. फिल्म जुनी होऊ दिली की फाटण्याची शक्यता कमी होते, हेही त्याच कामातलं.

एक शब्द साफ करून घेऊ. आपण सर्रास "पॉलिस्टायरीन वितळलं" म्हणतो. बाजारातलं नेहमीचं पॉलिस्टायरीन स्फटिक बनवत नाही, त्यामुळे त्याला खरा वितळणबिंदूच नाही. टीजीच्या वर ते मऊ होत होत वाहू लागतं. पॉलिइथिलीन मात्र खरंच वितळतं. दुधाच्या पिशवीतलं हलक्या घनतेचं साधारण १०५ ते १२५ अंशांच्या पट्ट्यात. पॉलिप्रॉपिलीन १६० च्या पुढे. हा फरक पुढे लागणार आहे.

स्वयंपाकघरातली उजळणी

प्रयोगशाळेत जाण्याआधी हे घरी करा. माझ्या मते एका तासाच्या व्याख्यानापेक्षा यातून जास्त कळतं.

समुद्रकिनाऱ्यावर जाळं शिवणाऱ्याला पाहिलं असेल तर नायलॉनच्या दोरीचं टोक तो लायटरने भाजतो ते आठवत असेल. टोक नुसतं मऊ होत नाही, ते आत ओढलं जातं आणि त्याची गोळी होते. मासेमारीचा धागा कारखान्यात खेचून लांब केलेला असतो, साखळ्या एका दिशेने ताठ. उष्णता मिळाली की त्या परत गुंडाळायला धावतात. पेटलेल्या काडीसमोरचं ते एक बोटभर आकसणं म्हणजेच आपला विषय.

दुधाची पिशवी धुऊन, पुसून सेंटिमीटरभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. पेनाने दर ५ मिलिमीटरवर रेघा मारा आणि हळू ओढा. एका जागी कंबर पडेल आणि ती कंबर दोन्ही बाजूंना सरकत जाईल. रेघांमधलं अंतर कंबरेत कितीतरी वाढलेलं दिसेल, बाहेर जवळपास तेच. ओढताना द्रव्य ताठ होत जातं आणि क्षेत्रफळ घटत जातं; या शर्यतीत ताठ होणं मागे पडलं की कंबर पडते. हा हिशेब कॉन्सिडेरने १८८५ मध्ये पोलादाच्या बाबतीत मांडला होता; प्लास्टिकलाही चालतो. आता कंबरेचा भाग उकळत्या पाण्यात धरा. थोडा आकसेल, पूर्ण नाही. १०० अंशाला पॉलिइथिलीनचे सगळे स्फटिक वितळत नाहीत आणि उरलेले स्फटिक साखळ्यांना धरून ठेवतात. तीच पट्टी चिमट्यात धरून तापलेल्या तव्याच्या बोटभर वर नेली तर उरलेला हिशेबही चुकता होतो.

तिसरा प्रयोग ग्लू गनचा. गरम गोंदाचा थेंब पुठ्ठ्यावर टाका, दुसऱ्या पुठ्ठ्याने टेकवून हळूहळू दूर न्या. धागा मध्येच ओघळतो, जाडाबारीक होतो, तुटतो. नवा थेंब घेऊन झटक्यात ओढा. हातभर लांब, एकसारखा, ताठ धागा मिळतो. दोन्ही धाग्यांचे तुकडे उकळत्या पाण्यात टाका. झटक्याचा तुकडा जास्त आकसेल. द्रव्य तेच, तापमान तेच. साखळ्यांना सैलावायला वेळ मिळाला की नाही, एवढाच फरक.

पारदर्शक डब्याच्या झाकणावर त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन. सपाट भागातून १०० मिलिमीटरचा चौकोन कापून बेकिंग कागदावर ओव्हनमध्ये १५० अंशांच्या आसपास ठेवा. आधी वेडावाकडा वळेल, मग सपाट होईल, आणि लहान, जाड होऊन बसेल. आकारमान तेच राहतं, म्हणून बाजू निम्मी झाली तर जाडी चौपट. खिडक्या उघड्या ठेवा, ओव्हन खाण्याच्या वापरातला नको. आणि ३ आकड्याचं, म्हणजे पीव्हीसी, चुकूनही तापवू नका. त्यातून आम्ल वायू निघतो.

मोजमाप हवं असेल तर कारखान्यातली पद्धत सोपी आहे. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डी२७३२ या चाचणीत १०० मिलिमीटरचा चौकोन ठरलेल्या तापमानाच्या गरम द्रवात १० सेकंद बुडवून काढतात आणि दोन्ही दिशांतली घट टक्क्यांत लिहितात. आम्ही ग्लिसरीनचं भांडं वापरतो. मी कुंडईच्या एका पॅकिंग शेडमध्ये हे दाखवायला गेले होते. माझे आकडे उलटे येत होते, लांबीपेक्षा रुंदीत घट जास्त. मशीनवरचा मुलगा लांबून बघत होता, शेवटी हसून म्हणाला, "मॅडम, पट्टी आडवी कातरल्या तुमी." रोल कुठल्या दिशेने सुटतो त्याचा बाण मी फिल्मवर काढलाच नव्हता. कापण्याआधी बाण. हे मी आता विद्यार्थ्यांना मंत्रासारखं सांगते.

फिल्म बनवणं

साखळीची लांबी आधी ठरवा. पॉलिस्टायरीनमध्ये दोन गुंत्यांमधल्या साखळीचा रेणुभार साधारण १७ ते १८ हजार. एका साखळीवर निदान काही गुंते हवेतच. ३०-३५ हजारांच्या खालचं पॉलिस्टायरीन ताणायच्या कामाचं नाही, तडकतं. भोकं बघायची असतील तर लाखाच्या आसपासचं बरं. ताणायचं असेल तर दोन लाखांच्या वरचं. एकसारख्या लांबीच्या साखळ्यांचं प्रमाणित पॉलिस्टायरीन महाग असतं. डिस्पोजेबल चमच्यातलं चालेल का, हा प्रश्न दरवर्षी येतो. सरावाला चालेल. पण त्यात लहानमोठ्या साखळ्यांची खिचडी असते, त्यामुळे सैलावण्याची एकच वेळ अशी मिळत नाही, आणि वर कारखान्याने काय काय मिसळलंय ते वेगळंच.

टोल्युइनमध्ये वजनाने १ टक्क्याचं द्रावण करून रात्रभर झाकून ठेवा आणि ०.४५ मायक्रॉनच्या टेफ्लॉन फिल्टरमधून गाळा. धुळीचा प्रत्येक कण पुढे एक भोक होतो. मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांना ढोबळ मानाने ५० नॅनोमीटरच्या आसपास फिल्म मिळते, २ टक्क्यांना १०० च्या जवळ. वेग चौपट केला की जाडी साधारण निम्मी होते. हे आकडे सुरुवातीपुरते धरा. जाडी मोजणारं एलिप्सोमीटर नसेल तर रंग बघा. सिलिकॉनवर ५० नॅनोमीटरची फिल्म फिकट तपकिरी दिसते, १०० च्या आसपास जांभळट निळी. एकाच तुकड्यावर कडेला वेगळा रंग दिसला तर कड वापरू नका.

वेफर स्वच्छ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि यूव्ही-ओझोन पुरे. सल्फ्युरिक आम्ल आणि पेरॉक्साइडचं ते प्रसिद्ध मिश्रण आमच्याकडे बंद आहे. एक छोटी युक्ती सांगते. कोटिंगच्या आधीच वेफरच्या मागच्या बाजूला डायमंड पेनने ओरखडे काढून ठेवा. कोटिंगनंतर हलक्या दाबाने चार तुकडे होतात आणि चारही एकाच जन्माचे असतात.

पावसाळा

आता त्या भोकांकडे. द्रावक उडताना फिल्म थंड होते, जसं हातावर स्पिरिट लावल्यावर गार वाटतं. क्लोरोफॉर्म किंवा टीएचएफसारखा चटकन उडणारा द्रावक असेल तर पृष्ठभाग काही अंश खाली जातो. जून ते सप्टेंबर आपल्या हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांत असते, म्हणजे दव पडायला दोन-चार अंशांचा उतार पुरतो. ओल्या फिल्मवर पाण्याचे बारीक थेंब बसतात, रांगेने सुद्धा. नंतर थेंब उडून जातात, साचे राहतात. या दवचित्रांबद्दल लॉर्ड रॅली यांनी १९११ मध्येच लिहून ठेवलंय, आणि १९९४ मध्ये पॉलिस्टायरीनमध्ये अशाच रीतीने मधाच्या पोळ्यासारखी नक्षी मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. तिथे ती हवी होती. आम्हाला नको होती. आम्ही टोल्युइन संपलं म्हणून टीएचएफ घेतलं होतं, हे वहीत एका ओळीत होतं, पण त्या ओळीकडे तीन आठवडे कुणी पाहिलं नाही.

ओळखायचं कसं? दवाची भोकं बहुतेक एकाच आकाराची आणि दाट असतात, तापवण्याआधीपासून असतात, तळाशी वेफर उघडा पडलेला नसतो. डीवेटिंगची भोकं विरळ, वेगवेगळ्या आकारांची, वाढत जाणारी, तळाला लखलखीत सिलिकॉन आणि भोवती उंच कड. सगळ्यात सोपं म्हणजे न तापवलेला तुकडा. तो कायम बाजूला ठेवा.

उपाय साधेच आहेत. टोल्युइन किंवा त्याहून हळू उडणारा द्रावक घ्या, स्पिन कोटरच्या झाकणात कोरडा नायट्रोजन सोडा, स्वस्तातला का होईना पण आर्द्रतामापक भिंतीवर टांगा आणि आकडा प्रत्येक नमुन्यापुढे लिहा. आम्ही आता महत्त्वाच्या फिल्मा डिसेंबर ते फेब्रुवारीत बनवतो. ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर त्या दिवशी आम्ही फक्त वेफर धुतो.

तापवणं

हॉटप्लेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. रसायनशास्त्राच्या कपाटातून बेन्झोइक आम्ल काढा. ते १२२ अंशांना वितळतं. युरिया १३३ च्या जवळ. दोन्हींचे कण वेफरच्या एका फालतू तुकड्यावर ठेवा आणि कुठल्या आकड्याला वितळतात ते बघा. आमच्या प्लेटवर १३० दिसतं तेव्हा वर १२२ च असतात. विजेचा दाब संध्याकाळी उतरला की हा फरकही हलतो, म्हणून मोजमाप सकाळी.

चार तुकडे असे वापरा. एक बनवल्या बनवल्या तापवायचा. दुसरा आठवडाभर डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवून तापवायचा. तिसरा ८० अंशांना, म्हणजे टीजीच्या खाली, निर्वातात चोवीस तास ठेवून मग तापवायचा. चौथ्याला हात लावायचा नाही. तिन्हींना खरं १२५ अंश द्या आणि पहिली दोन मिनिटं दर १० सेकंदांनी, मग दर मिनिटाला फोटो घ्या.

फोटोत तीन गोष्टी शोधा. एक, ठरावीक चौकटीत भोकं किती. ताज्या तुकड्यात ती सहसा जास्त असतात. दोन, भोकाचा व्यास वेळेबरोबर कसा वाढतो. दोन्ही अक्ष लॉगमध्ये काढा. खालचा पृष्ठभाग फिल्मला घट्ट धरून असेल तर उतार १ च्या जवळ, फिल्म घसरत असेल तर दोन तृतीयांशाच्या. पण पहिल्या मिनिटांत ताजी फिल्म या दोन्हीत बसत नाही. भोक आधी वेगाने उघडतं आणि मग मंदावतं. साठलेला ताण त्या सुरुवातीत खर्च होत असतो. नवशिके हेच बिंदू "चुकीचे" म्हणून आलेखातून काढून टाकतात. माझ्याही एका जुन्या अहवालात मी ते काढले होते, आता वाईट वाटतं. तीन, कडेचा आकार. ताणलेल्या फिल्मची कड भोकाच्या बाजूने उभी आणि बाहेरच्या बाजूने उतरती दिसते.

किती वेळ द्यायचा?

ताण घालवायचा असेल तर टीजीच्या वर ठेवून वाट बघायची. पण किती? १९५५ मध्ये विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी दिलेलं सूत्र इथे कामाला येतं. टीजी १०० धरून पॉलिस्टायरीनचे स्थिरांक १३.७ आणि ५० घातले तर साखळ्यांची हालचाल १२० वरून १३० अंशांना सुमारे १७ पट वेगवान होते, १३० वरून १४० ला ९ पट, १४० वरून १५० ला ६ पट. म्हणजे १३० अंशांना जे तासाभरात होतं त्याला १२० ला सतरा तास लागतील आणि १५० ला मिनिटभर. याच कारणाने प्लेटवरची ८ अंशांची चूक ही चूक न राहता वेगळाच प्रयोग होऊन बसते.

साखळीची लांबीही बघा. पूर्ण सरपटून बाहेर यायला लागणारा वेळ रेणुभाराच्या साधारण ३.४ व्या घाताने वाढतो. रेणुभार दुप्पट, वेळ दसपटीहून जास्त.

अडचण अशी की सैलावणं आणि फाटणं ही एकाच वेळी चालणारी शर्यत असते. वेफरवर फिल्म ज्या तापमानाला सैलावते त्याच तापमानाला तिला भोकंही पडतात. म्हणून सैलावलेली पण अखंड फिल्म हवी असेल तर ती अभ्रकावर बनवा, जिथे ती सहज फाटत नाही. तिथे तापवून घ्या, सुरीने कडा कोरा, आणि तुकडा तिरका धरून पाण्यात हळूच सोडा. फिल्म सुटून पाण्यावर तरंगते. मग ती हव्या त्या पृष्ठभागावर उचला. हा हात बसायला दोन दिवस लागतात, आणि पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात तीही एक तपश्चर्याच.

तरंगताना ताण सुटतोच का? थोडा सुटतो. समजा ताण १० मेगापास्कल. पॉलिस्टायरीनची ताठरता सुमारे ३ गिगापास्कल, म्हणजे लांबीत ०.३ टक्क्यांचा फरक. सेंटिमीटरभर फिल्म ३० मायक्रॉनने आकसेल. साखळ्यांची अपुरी गुंतागुंत मात्र पाण्यावर दुरुस्त होत नाही, त्याला उष्णताच लागते. दोन कर्जं वेगळी, हे लक्षात ठेवण्यासारखं.

भिंतीवरचा लेझर

ताण मोजायला महागडं यंत्र नाही म्हणून रडत बसू नका. स्टोनीने १९०९ मध्ये दाखवलेली युक्ती आहे. पातळ पट्टीच्या एका बाजूला ताणलेला थर असेल तर पट्टी वाकते, आणि वाकण्यावरून ताण काढता येतो.

सूक्ष्मदर्शकाची ०.१५ मिलिमीटर जाडीची कव्हर स्लिप एका टोकाला पकडीत घट्ट धरा, दुसरं टोक मोकळं. एका बाजूला दाट द्रावणाने १ मायक्रॉनची फिल्म. मोकळं टोक पकडीपासून २० मिलिमीटरवर असू द्या आणि त्यावर लेझर पॉइंटर मारून परावर्तित ठिपका ३ मीटर दूरच्या भिंतीवर घ्या. फिल्ममध्ये १० मेगापास्कल ताण असेल तर ठिपका साधारण साडेतीन मिलिमीटर सरकलेला असतो. आलेख कागद भिंतीवर चिकटवा आणि पेन्सिलने खूण करा. काचेच्या जाडीचा वर्ग हिशेबात येतो, म्हणून जाडी स्क्रूगेजने प्रत्येक स्लिपची मोजा, डब्यावर छापलेली नव्हे.

इथे एक खड्डा आहे. फिल्म टीजीच्या वर नेऊन सैलावली आणि परत खोलीच्या तापमानाला आणली तर ठिपका शून्यावर येत नाही. कारण गोठल्यानंतर थंड होताना पॉलिस्टायरीन दर अंशाला काचेच्या जवळजवळ दहापट आकसू बघतं आणि काच ते होऊ देत नाही. हा नवा ताण सहज १०-२० मेगापास्कलचा असतो. म्हणून "सैलावलं की नाही" हे ठिपका गरम असतानाच, टीजीच्या वर, वाचून ठरवायचं.

ताणणं, थंड आणि गरम

थंड ताणण्यासाठी वर्नियर कॅलिपर. हसू नका. सिलिकॉन रबराची ६० मिलिमीटर लांब पट्टी दोन जबड्यांवर चिकटवा, मध्ये ४० मिलिमीटर मोकळे. कॅलिपर ०.४ मिलिमीटर उघडला की लांबीत १ टक्का वाढ. ०.०२ मिलिमीटरची अचूकता म्हणजे टक्क्याचा विसावा भाग. पाण्यावर तरंगणारी फिल्म या पट्टीवर उचला, सुकू द्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली उघडत जा.

दोन गोष्टी दिसतील. ताणाच्या दिशेला समांतर बारीक सुरकुत्या, कारण रबर आडवं आकसतं आणि ताठ फिल्म त्याबरोबर आकसू शकत नाही. या सुरकुत्यांमधलं अंतर पॉलिस्टायरीन आणि मऊ सिलिकॉन रबराच्या जोडीत फिल्मच्या जाडीच्या साधारण ५० पट येतं. १०० नॅनोमीटरच्या फिल्मला ५ मायक्रॉन. म्हणजे सुरकुत्या मोजून फिल्मच्या ताठरतेचा अंदाज फुकटात. आणि दुसरं, ताणाला आडव्या, बारीक रेषा. या रेषा म्हणजे लगेच तडे समजू नका, त्यांना क्रेझ म्हणतात. क्रेझमध्ये आत बारीक तंतू ताणलेले असतात, पॉलिस्टायरीनमध्ये मूळ लांबीच्या सुमारे चौपट, आणि गुंता जितका मोकळा होऊ शकतो तिथे ते थांबतात. एडवर्ड क्रेमर यांनी अशा फिल्मा तांब्याच्या जाळीवर बसवून, जाळी ताणून हा अभ्यास केला. तांबं ताणल्यावर परत आकसत नाही, म्हणून फिल्म त्याच अवस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेता येते. ताजी आणि सैलावलेली फिल्म शेजारी शेजारी ताणा. अपुऱ्या गुंत्याची ताजी फिल्म क्रेझमधून लवकर तडकते की नाही, ते स्वतः बघा.

गरम ताणताना एकच गुणाकार डोक्यात ठेवा, ताणण्याचा दर गुणिले सैलावण्याची वेळ. सैलावायला १० सेकंद लागत असतील आणि दर सेकंदाला ०.०१ च्या दराने ताणलंत तर उत्तर ०.१, द्रव नुसता वाहील. दर १ केलात तर उत्तर १०, साखळ्या ताणल्या जातील आणि थंड केल्यावर ती आठवण आत गोठेल. अशा आकड्यांपैकी एकाला मार्कस रायनर यांनी १९६४ मध्ये बायबलमधल्या डेबोराचं नाव दिलं, तिच्या गीतात ईश्वरापुढे डोंगरही वाहतात म्हणून. मला हे नामकरण फार आवडतं.

हाताने किंवा मोटरने एकाच वेगाने ओढलं तर दर एकसारखा राहत नाही, हे मात्र विसरू नका. दर म्हणजे वेग भागिले त्या क्षणाची लांबी. १० मिलिमीटरची पट्टी २० झाली की दर निम्मा झालेला असतो. म्हणून किती ताणलं ते मोजताना लांबीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग घ्या. १० चे २० झाले तर ०.६९, २० चे ४० झाले तर आणखी ०.६९. ओढून झाल्यावर पट्टी लगेच गार फुंकरीखाली धरा. मग लॅपटॉपवर पांढरा पडदा लावून पट्टी त्यासमोर आणि डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल. पडद्यातून येणारा प्रकाश आधीच एका दिशेचा असतो. गॉगल फिरवत जाऊन पडदा काळा पडला की ताणलेला भाग रंगीत उजळतो, सैलावलेला काळाच राहतो. फोटो काढताना गॉगलची काच मोबाइलच्या भिंगापुढे धरा.

वहीत मी नोंद कशी करायला लावते, ती नमुन्यादाखल: "पीएस, रेणुभार १ लाख, टोल्युइन १ टक्का, गाळलेलं. १४ जानेवारी, सकाळी ९.४०, आर्द्रता ५२, खोली २७. २५०० फेऱ्या, ४० सेकंद. रंग फिकट तपकिरी, कड सोडून एकसारखा. तुकडा ग: ८० अंश, निर्वात, २४ तास. १६ जानेवारीला तापवला, प्लेट १३३, खरं १२५. तुकडा घ: न तापवलेला, भिंगाखाली पाहिला, भोकं नाहीत." शेवटचं वाक्य नसेल तर मी पान सही न करता परत देते.